दीडशे उलट्या कॉलरी

"अहो मिस्त्री, नुसते उभे काय राहिलात? पट्टा घसरलाय मशीनचा, बसवा की!"

शर्टांच्या कारखान्यातली कॉलरवाली एका पाठमोऱ्या माणसावर खेकसली. तो मुकाट्याने खाली बसला, पट्टा चढवला, हात पुसले नि म्हणाला, "झालं. अजून काही... हुकूम?"

शेजारची बटणवाली तोंड दाबून हसत होती. अगं बाई! हा तर नवा सुपरवायझर!

गेली नोकरी, असंच कॉलरवालीला वाटलं. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, तिच्याच पगारावर घर चालायचं. पण हा माणूस निराळाच निघाला. आधीचा साहेब "ए कॉलर" म्हणून ओरडायचा. हा सगळ्यांना "अहो-जाहो" करायचा, कामात काही बदलायचं तर आधी बायकांना विचारायचा. सकाळपासून घड्याळाकडे डोळे लावून बसणारी ती आता घंटेआधीच हजर व्हायला लागली. आणि खरं सांगायचं तर — त्याच्यासाठीही.

"मला शिकवता का कॉलर लावायला?" त्याने एकदा विचारलं.

"तुम्हाला? सुई बोटात घुसेल."

"घुसू दे. ओरडायला तुम्ही आहातच."

दर गठ्ठ्यातली पहिली कॉलर तो तिच्या मशीनशी उभा राहून तपासायचा. त्या दुपारीही उभा होता, बाह्या दुमडून... तिचे हात मशीनवर, नजर भलतीकडेच. संध्याकाळी बोंब झाली. दीडशे शर्टांना कॉलर उलटी!

"कोणाची चूक?" मालक कडाडले.

तिने तोंड उघडलं. वडिलांची औषधं आठवली... नि मिटलं.

"माझी," तो म्हणाला. "तपासून मीच पुढे पाठवल्या."

मालकांनी त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं.

तिने त्याला जिन्यात गाठलं. तिला रडूच कोसळलं.

"चूक माझी होती नि मी गप्प बसले. मी... तुमच्याकडे बघत होते हो!"

"माहीत आहे." तो कसनुसा हसला. "मी तरी कॉलर कुठे बघत होतो?"

तिने पदराने डोळे पुसले.

"या गावात दुसरा कारखाना नाही," तो हळूच म्हणाला. "मला जावंच लागेल. याल... माझ्याबरोबर?"

"वडिलांना कूससुद्धा बदलता येत नाही. त्यांना कुठे नेऊ?"

"मग विचारायलाच नको होतं मी."

"नाही हो. विचारलंत, बरं झालं. मला काय हवंय, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर मशीनवर बसली. दिवसभरात तिने मान वर केली नाही. एकही कॉलर चुकली नाही.