येतो

आधीच सांगतो, यात मी पदरचं काही घातलेलं नाही. माझा मावसभाऊ रेहान थापा मारणाऱ्यातला नाही. आणि शेवटी जे झालं, तेव्हा मी स्वतः तिथे उभा होतो.

गाव दाभोळ. गेल्या वर्षीचा जानेवारी. रात्रबित्र काही नव्हती. असरची अजान होऊन गेलेली, उन्हं अजून माडांवर होती...

रेहान फौजेत कॅप्टन. शांतिसेनेबरोबर त्याला आफ्रिकेत पाठवलं होतं. त्या देशात यादवी पेटलेली. शेजारीच शेजाऱ्याच्या जिवावर उठलेला.

आपल्याला वाटतं, तिथे रोज गोळीबार असेल. पण रेहानचा दिवस पाण्याने उजाडायचा आणि पाण्यानेच मावळायचा. सकाळी टँकर आला का बघा. छावणीबाहेर आसऱ्याला आलेल्या बायकांची रांग लावा. मग गस्त, मग वायरलेसवर अहवाल. आज कुठलं गाव जाळलं, ते कळायचं. थांबवता काहीच यायचं नाही. खांद्याला बंदूक आणि हात बांधलेले.

त्या रांगेत एक बाई असायची. रिकामा पिवळा कॅन बोटांनी वाजवत उभी राहायची.

टक... टक... टक.

गस्तीला निघताना रेहान फाटकावरून म्हणायचा, "येतो."

सवयच ती. आमच्या रहिमा मावशीने, म्हणजे त्याच्या आईने, त्याला कधी 'जातो' म्हणू दिलं नव्हतं. अशुभ असतं.

बाईने एकदा दुभाष्याकरवी त्या शब्दाचा अर्थ विचारला. रेहानने सांगितलं, मी परत येणार. ती हसली. तेव्हापासून तो निघाला की तीच आधी विचारायची, "येतो?"

बाई असून 'येतो'. रेहानला गंमत वाटायची.

एका सकाळी हुकूम आला. जखमींच्या गाड्या मोठ्या तळावर पोहोचवायच्या. लांब धूर दिसत होता. बायका बोचकी उचलून दलदलीकडे पळत होत्या. तीही निघाली होती.

रेहान गाडीत चढला आणि तोंडातून सवयीने गेलं...

"येतो."

ती थांबली.

कॅन खाली ठेवला आणि त्याच्यावर बसली.

तो ओरडला, हातवारे केले, पळ म्हणून. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू जाणार? दुभाष्या पुढच्या गाडीत. मागे रस्ता बंद झाला. तो परत पोहोचला तोवर सगळं आटोपलं होतं. दलदलीत लपलेल्या बायका वाचल्या.

फाटकाशी नुसता पिवळा कॅन होता.

यातलं एक अक्षर त्याने घरी सांगितलं नव्हतं. सुट्टीवर आला होता. त्या दिवशी आम्ही पडवीत चहा घेत होतो. मावशी अंगणातून आली.

"रेहान, फाटकावर कोन हाय बग. बायमानूस हाय, आन 'येतो' म्हनते."

त्याचा कप तोंडाशी तसाच राहिला.

मी जाऊन बघितलं. कुणी नव्हतं...

मग रोजच. असरनंतर अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून... टक... टक... टक. फाटक उघडलं की रस्ता रिकामा.

शेवटी त्याने मला सगळं सांगितलं. रडला. "तिला वाचवायला काही लागत नव्हतं रे. नुसतं 'जातो' म्हटलं असतं, तरी ती पळाली असती."

त्याने गडग्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तसाच भरलेला होता. तिला पाणी नको होतं.

सुट्टी संपली. बॅग खांद्याला लावून तो उंबऱ्यात उभा राहिला. परत तिथेच जायचं होतं. मावशीने ओढणी डोळ्यांना लावली होती.

"बोल ना, बाबू. बोलल्याबिगर जाऊ नको."

त्याला 'येतो' म्हणवेना. आईसमोर 'जातो' म्हणण्याची छाती होईना. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होतो. ओठ घट्ट मिटलेले होते.

आणि तेव्हा...

"येतो."

बारीक आवाज. फाटकाकडून.

मावशीने ओढणीतूनच हात हलवला. तिला वाटलं, लेक बोलला.

"ये हां, बाबू. लवकर ये."

फाटकाची कडी आपसूक उचलली गेली. फाटक सावकाश आत उघडलं... वारा नव्हता.

रेहान गेला. आता तो फोन करतो, पण ठेवताना काहीच बोलत नाही.

गडग्यापलीकडे आता काही वाजत नाही. आता स्वयंपाकघरात वाजतं, पाण्याच्या पिंपाजवळ.

मावशी म्हणते, उंदीर झालेत. तिने कुणाला 'ये' म्हटलं, ते मी अजून तिला सांगितलेलं नाही.