फोटो काही जाईना

"कोणता कॉम्प्युटर हँग होऊन राह्यला?" दारातल्या मुलानं विचारलं.

आमच्या दुकानात कॉम्प्युटर एकच होता. आलापल्लीच्या बसस्टँडसमोर एसटीडी, झेरॉक्स आणि ई-मेल, सगळं एका शटरमागे. हा चंद्रपूरच्या कॉम्प्युटरवाल्यानं दुरुस्तीला धाडलेला, सकाळच्या बसनं आलेला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, खांद्याला पिशवी, आणि चेहऱ्यावर असं हसू… जणू एवढे हाल त्यानं हौसेनंच करून घेतले होते. मी नुसतं बोटानं टेबल दाखवलं.

बोलायला बाबा होते. गुणवंतराव गुरुजी. जन्मभर भामरागडकडे मास्तरकी केली आणि रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून हे दुकान टाकलं. त्यांनी दुखणं सांगितलं. ई-मेलचा प्रोग्रॅम उघडला की पाठवायला सुरुवात करतो आणि मग जागच्या जागी थिजतो. माउस हलत नाही, पडद्यावर वाळूचं घड्याळ तेवढं दिसत राहतं, शेवटी बटण दाबून मशीन बंद करावं लागतं. बाबांना घाई होती, कारण मामानं आणलेल्या स्थळानं, पुण्याच्या एका इंजिनिअरनं, माझा फोटो मागितला होता. ई-मेलनंच. उभा पाहिजे, आणि चष्मा नको.

मुलाचं नाव श्रावण. राहणारा माजरीचा, वडील कोळशाच्या खाणीत. त्यानं आधी फोनची वायर उपसून काढली. लाईनच नसली की प्रोग्रॅम पाठवायच्या नादी लागत नाही, मुकाट उघडतो, असं त्यानं बाबांना समजावलं. आणि खरंच उघडला. आउटबॉक्समध्ये माझा फोटो बसला होता. श्रावणनं त्या फाइलचं वजन पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा नीट केला आणि त्याच्याकडे रोखून बघितलं. सांग बाबांना, हिंमत असेल तर!

फोटो मीच अडकवला होता. स्कॅनरची सेटिंग जाईल तेवढी वर नेऊन पोस्टकार्डाएवढा फोटो मी इतका जड केला होता, की आमच्या फोनलाईननं तो दिवाळीपर्यंत पुण्याला पोचला नसता. नागपूरला जाऊन कोर्स काय उगाच केला? मी नाही म्हटलं असतं तर मामाचे फोन, आईचं रडणं. मशीन नाही म्हणालं तर कोणाला रागावणार?

"लाईन खराब हाय, गुरुजी," श्रावण म्हणाला, आणि फोटो पुसून टाकला. प्रोग्रॅम सुरळीत चालू लागला. मला तो त्याच क्षणी आवडला. उगाच आढेवेढे कशाला घेऊ?

बाबांनी फोटो पुन्हा पाठवायला सांगितला. मी पुन्हा तस्साच पाठवला. श्रावण पुन्हा आला. बाबा म्हणाले, श्रावणभाऊला चहा दे. मी कप पुढे केला आणि म्हणाले, "घ्या, श्रावण."

बाबा बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होते. त्यानं हळूच विचारलं, "अख्खी आलापल्ली मले भाऊ म्हणते… तुमी काऊन नाई म्हणत?"

"भाऊ हाय मले. एक पुरे झाला."

तो चहात बघून हसला. मग म्हणाला, "फोटो चांगला हाय पण. चष्म्यात जास्त चांगल्या दिसता."

"मशीन दुरुस्त करा."

"तेच करून राह्यलो… पण मशीनले काईच झालं नाई ना."

माझे कान तापले. तो गेल्यावर मी स्कॅनर उघडला, आणि या वेळी फोटो बाबांच्या सांगण्याचीही वाट न पाहता पाठवला.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा दुकानात धुरपताबाई बसल्या होत्या. भामरागडकडच्या नर्सबाई. नागपूरच्या एका संस्थेकडे औषधं मागणारा मेल त्यांनी आदल्या दिवशी, मशीन पुन्हा थिजायच्या जरा आधी, माझ्याकडून पाठवून घेतला होता, आणि तिकडून अजून उत्तर नव्हतं. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की रस्ता बंद, मग औषध कोण नेणार, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. श्रावणनं वायर काढली, आउटबॉक्स उघडला. वर माझा फोटो, आणि त्याच्या मागे धुरपताबाईंचा मेल, जिथल्या तिथे.

या वेळी तो हसला नाही. खाली वाकून, मलाच ऐकू जाईल असं बोलला. "आता लाईनचं नाव नाई सांगणार मी. तुमच्या फोटोमागं या बाईची औषधं अडून राह्यली. नाई म्हणाचं हाय ना तुमाले? मंग तोंडानं म्हणा. मशीनच्या आड काऊन लपता?"

राग आला मला. फार राग आला. सगळ्यात जास्त याचा, की मी स्वतःला मोठी बंडखोर समजत होते आणि हा मला लपता म्हणत होता. मी खुर्ची ओढली, माझा फोटो स्वतः पुसला, वायर जोडली आणि धुरपताबाईंचा मेल जाऊ दिला. गेला, आणि त्या निवांत होऊन त्यांच्या बसला गेल्या. मग मी बाबांना हाक मारली.

"बाबा, फोटो मीच अडकवत होती. आता पाठवणारच नाई."

बाबा गल्ल्यावरून उठले. मला फसवलं, पुण्याच्या माणसांना आता काय तोंड दाखवू, मुलीच्या जातीला एवढा हट्ट बरा नाही, असं बरंच बोलले. मी जागची हलले नाही.

"कोर्सले नागपूरले धाडलं तेव्हा तुमी विचारलं होतं मले, जातं का म्हणून. दुकान टाकलं तेव्हाबी विचारलं. मंग लग्नालेच काऊन नाई विचारलं? त्यानं चष्मा काढाले सांगतलं, तुमी हो म्हटलं. मले चष्म्याबिगर समोरचा माणूस नाई दिसत, बाबा. ज्याच्याशी लगन कराचं, त्याले पाहू बी नाई का मी?"

बाबा परत गल्ल्यावर जाऊन बसले. मग म्हणाले, "पुण्याले मी काय सांगू?"

"मी सांगतो," मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोर मेल लिहिला. फोटो येणार नाही, स्थळ मला पसंत नाही, आपली, खुशबू. बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गेला.

श्रावणनं पिशवी उचलली. चंद्रपूरची बस समोर लागलीच होती. "चला," तो म्हणाला, "आता मशीन काई बिघडाचं नाई. मंग मी… म्हंजे, इकडं याचं काम नाई पडणार."

एवढं सगळं बोलून झालं होतं, मग हे एक कशाला ठेवायचं?

"रविवारी या," मी म्हणाले.

"मालकाले काय सांगू? कम्प्लेंट कोणती?"

"कम्प्लेंट नाई. मले तुमी आवडता. पोरगी पाहाले चाललो म्हणा. आन् पोरगीबी तुमाले पाहून घेणार हाय, तेबी सांगा."

श्रावणच्या हातातली पिशवी खाली आली. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला, पण नजर काही त्यानं हलवली नाही. "रविवार लय लांब हाय," तो म्हणाला.

मागून बाबा खाकरले. "अन् मले? मले कोणी विचारलं?"

"विचारूनच राह्यली ना, बाबा. तुमच्या समोर."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, त्याच्या चिखलाच्या पँटकडे. चंद्रपूरच्या बसनं हॉर्न दिला. कोणीच हललं नाही, आणि ती निघून गेली. मग बाबांनी गिऱ्हाइकाचं स्टूल पायानं पुढे सरकवलं.

"बस," ते श्रावणला म्हणाले. "माजरीले कोणाचा पोरगा गा तू?"