आल्या-गुळाचं माळवद

तिसऱ्यांदा छप्पर कोसळलं आणि काउंटरपलीकडून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"माळवद असं बसत न्हाई, मॅडम."

उज्वलानं मान वर केली. समोर एक तरुण, खांद्याला सरकारी जमीन मोजणीची पिशवी, भुवयांवर धूळ आणि डोळ्यांत चक्क मजा! तिला रागच आला. नाताळासाठी लातूरच्या या बेकरीच्या काचेत आल्या-गुळाच्या बिस्किटांचं घर ठेवायचं होतं. मालक म्हणाले होते, उतरत्या छपराचं कर. पण देवणीच्या पोरीला घर म्हटलं की सपाट मातीचं माळवदच दिसणार ना!

"मग कसं बसतं?" तिनं फणकाऱ्यानं विचारलं.

"आधी खाली आडवी लाकडं पायजेत. आमचे बाबा माळवदं टाकायचे, चाकूरकडं. भूकंपात माळवदांखाली माणसं दबली, मग कुणी बोलावलंच न्हाई त्यांना..." त्यानं पिशवी खाली ठेवली. "मी सिद्धराम."

"मी उज्वला," म्हणत तिनं दालचिनीच्या काड्या पुढं केल्या. त्यानं त्या भिंतींवर एकेक करून मांडल्या, वर बिस्कीट ठेवलं, त्यावर तिनं आयसिंग लिंपलं. छप्पर बसलं!

"आता वाळू द्या. आठ दिवस तरी लागतेत. मला रोज बघाया यावं लागंल."

आयसिंग दोन तासांत कडक होतं, हे चार वर्षं बेकरीत काढलेल्या उज्वलाला माहीत नव्हतं थोडंच! पण दिवसभर लोकांच्या केकवर नावं लिहायची आणि रूमवर जाऊन भिंतीकडं बघत एकटीनं जेवायचं, याचा तिला मनापासून कंटाळा आला होता.

"आठ... लागतीलच," ती म्हणाली.

तो रोज पाचला यायचा. छपराला बोट लावायचा, "अजून ओलं हाय," म्हणायचा आणि समोरच्या टपरीवरून आलेला चहा तिच्याबरोबर प्यायचा. आठव्या दिवशी मात्र त्यानं बोट लावलं नाही.

"नांदेडला बदली झाली. उद्याच हजर व्हायचंय."

उज्वलानं चहाचा कप खाली ठेवला.

"एक सांगू? आयसिंग दोन तासांत वाळतं."

"ठाऊक हाय. पहिल्याच दिवशी कडक लागलं की बोटाला!"

दोघंही हसली.

"म्हणजे आता यायचं कारण संपलं," ती म्हणाली.

"माळवदाचं काम संपत नसतं, मॅडम. दरसाल वर नवी माती टाकावी लागती. न्हाई तर गळतं."

"दरसाल?" तिनं विचारलं.

"गळलं तर... कधीबी बोलवा." त्यानं केकच्या खोक्यावर नंबर लिहिला आणि मागं न बघता गेला.

दुसऱ्या दिवशी पाचला सवयीनं दोन चहा आले. एक तिनं प्यायला. दुसऱ्यावर साय धरली. त्याचं असं समोर नसणं तिला सोसवेना. तिनं चमचाभर चहा माळवदावर ओतला. आयसिंग विरघळलं, दालचिनीमधून एक तांबूस थेंब आत टपकला. तिनं फोटो काढून पाठवला, खाली लिहिलं, 'माळवद गळायलंय.'

 मग फोन थरथरला.

'लातूरचा पाऊस चहाचा असतो व्हय? रविवारी पहिल्या एसटीनं यायलोय. तंवर वाळू देऊ नको, उज्वला.'

मॅडम नाही, उज्वला! तिनं डोळे पुसले आणि दुसरा चमचा ओतला.