कानात सांगितलेलं नाव

हे घडलेलं आहे.

पटवून द्यायचा हट्ट नाही. पण मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या एका सोसायटीत, चौथ्या मजल्यावर ते घर आजही आहे. घराला काचा लावून बंद केलेली बाल्कनी आहे. तिला आता कुलूप असतं.

वार गुरुवार होता. मार्च महिना. आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारचे पावणेतीन वाजले होते.

रेवती बाल्कनीत एकटी होती. सात महिन्यांची दिशा आत पाळण्यात झोपलेली. नवरा, हर्षद, ऑफिसात. तान्ह्या बाळाच्या घरात दुपारचे दोन तास म्हणजे सोनं. त्या दोन तासांत रेवती मातीचे मणी करायची. गोळी वळायची, टूथपिकने भोक पाडायचं, सुकवायचं, विजेच्या छोट्या भट्टीत भाजायचं, झिलई देऊन पुन्हा भाजायचं. मग त्यांचे कानातले, गळ्यातले.

हे सगळं तिला शिकवलं होतं सुलक्षणाताईने.

ताई म्हणजे हर्षदची मोठी बहीण. लग्न मोडून, मूलबाळ नसताना, भावाकडे परत आलेली. बाल्कनी तिची, भट्टीही तिचीच. बोलणं कमी, हात सतत मातीत. रेवतीचे दोन गर्भ पडले, तेव्हा तिचं डोकं मांडीवर घेऊन रात्ररात्र बसली होती ती हीच.

तिसऱ्या खेपेला दिवस भरत आले, तशी ताई मनगट्या करायला बसली. बाळाच्या दोन हातांसाठी, अकरा-अकरा मणी. वाटाण्याहून लहान.

"नाव मी ठरवलंय गं," ती म्हणाली होती. "पण आधी नाही सांगणार. आत्या नाव कानातच सांगते."

दिशा झाली. रेवतीची आई, पद्मजाबाई, बाळंतपणाला आली आणि दोनच दिवसांत तिने विषय काढला. जिची कूस उजवली नाही, तिच्या तोंडून बाळाचं पहिलं नाव नको. दोन गेली आहेत, हे विसरू नकोस.

रेवती आधी चिडली. मग गप्प झाली. मग घाबरली.

शेवटी ताईला सांगितलं ते तिनेच.

"ताई, बारशाच्या दिवशी तुम्ही दहिसरला मामांकडे जाल का? एकच दिवस."

ताईने मातीचा हात फडक्याला पुसला.

"जाते की," म्हणाली.

हर्षद दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं. तसाच आत वळला.

बारशाला चुलत नणंद दर्शना आत्या झाली. कुर्रर्र करून बाळाच्या कानात 'दिशा' म्हणाली, बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत गुद्दे घातले, हसणं-खिदळणं झालं, घुगऱ्या वाटल्या.

ताई दहिसरहून परत आलीच नाही. एका दिवसाचे आठ झाले, आठाचे वीस. एकविसाव्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला. उठवायला गेले, तर...

झोपेतच गेली होती.

मनगट्यांचे बावीस मणी डब्यात राहिले. कच्चे. भट्टी न पाहिलेले.

मातीचं असं असतं, एकदा भाजली की कायमची. पण कच्चा मणी पाण्यात टाका, तासाभरात पुन्हा चिखल. मणी करणाऱ्या बायका उरलासुरला चुरा असाच भिजवून परत वापरतात.

त्या गुरुवारी रेवतीने आइस्क्रीमच्या रिकाम्या टबात पाणी घेतलं आणि ते बावीस मणी त्यात ओतले.

मातीची गरज नव्हती. बावीस मण्यांत माती ती केवढी? तो डबा रोज डोळ्यांसमोर यायचा. तो तिला नको होता. बस.

सुकी माती पाणी पिते तेव्हा बुडबुडे येतात, बारीक आवाज होतो. त्या दिवशीही झाला...

कुर्रर्र...

रेवतीने टबावर ताटली झाकली.

आवाज थांबला नाही.

मग तिच्या लक्षात आलं. आवाज टबातून येतच नव्हता.

आतल्या खोलीतून येत होता...

ती धावली. खोलीत कोणी नव्हतं. पाळण्याची दोरी ताणलेली होती, कुणी हातात धरल्यासारखी. रेवती आत येताच ती सैल पडली.

दिशा जागी होती. मान कलती, डोळे स्थिर. कुणी कानाशी काही सांगावं आणि आपण मन लावून ऐकावं, तशी.

मग ती हसली.

तिच्या उजव्या कानाच्या पाळीला माती लागली होती. ओली.

निजवताना आपलाच हात लागला असेल, असं रेवतीने स्वतःला सांगितलं. पण त्याला तास होऊन गेला होता. माती सुकायला नको?

शुक्रवारी पुन्हा तेच. तीच वेळ, तोच कान.

शनिवारी तिने मातीला हातच लावला नाही. हर्षद घरी होता. दोघं उशिरा जेवत होते. आणि बाल्कनीतून आवाज आला.

थप...

थप... थप...

माती मळताना फळीवर आपटतात तसा. की बारशाला आत्याच्या पाठीत गुद्दे बसतात तसा?

हर्षदचा घास हातातच राहिला.

बाल्कनीत कोणी नव्हतं. टबातलं पाणी नितळ. तळाशी चिखलाचा कणसुद्धा नाही. शेजारच्या ट्रेवर ओलं फडकं पसरलेलं, चारही कोपरे आत मुडपलेले. तसे कोपरे या घरात फक्त ताई मुडपायची.

रेवतीने फडकं उचललं.

बावीस मणी. वाटाण्याहून लहान. प्रत्येकाला भोक पाडलेलं.

"तिला जायला सांगायला नको होतं," हर्षद हळूच म्हणाला.

"हे आज सांगतोस? तेव्हा तोंडात काय मणी धरले होते?"

त्याने तिच्या हातातलं फडकं घेतलं. म्हणाला, "भाज ते. घाल बाळाच्या हातात. एवढंच तर हवं होतं तिला."

पाच दिवस उन्हात खडखडीत वाळवून गुरुवारी रेवतीने भट्टी लावली. समोर हात जोडून बसली. ताई, चुकलं माझं. तुमच्याच मनगट्या घालते तिला.

तासाभराने आत टक् झालं.

मग आणखी एक.

मणी ओला राहिला तर भट्टीत फुटतो, हे तिलाही माहीत होतं. पण हे ओले नव्हते. ती मोजत राहिली. दुसरं काय करणार? बावीस झाले आणि आत सामसूम झाली.

ताईने मनगट्या परत घेतल्या होत्या.

त्यानंतर सगळं थांबलं. ना माती, ना थपथप. दोघांना वाटलं, सुटलो.

मग हळूहळू जाणवायला लागलं... दिशा हाकेला बघत नाही.

घाटकोपरच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. कान ठणठणीत. घंटीला वळायची, चमचा पडला तरी दचकायची. 'दिशा' म्हटलं की ढिम्म. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका, देईल ओ.

पण घरी वेगळंच चालायचं. कोणी काहीच बोललेलं नसायचं. पोर खेळत असायची. मध्येच हातातलं टाकून ती चटकन मान वळवायची. बाल्कनीच्या दाराकडे. कुणी हाक मारल्यासारखी.

म्हणजे नाव होतं तिला. तिच्या आईलाच ते माहीत नव्हतं. विचारायचंही कुणाला?

आता दिशा दोन वर्षांची होईल. छान बोलते. मागच्या महिन्यात एका दुपारी रेवतीने तिला मांडीवर घेतलं आणि धीर करून विचारलं, "तुझं नाव काय गं, सोन्या?"

पोर हसली. तिने ओठांवर बोट ठेवलं. मग आईच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि तोंड तिच्या कानाशी नेलं...

ओल्या मातीचा वास आला.

रेवतीने मान झटकन मागे घेतली.

दिशा तिच्याकडे बघत राहिली. रडली नाही. मांडीवरून उतरली.

"जाते की," म्हणाली.

आणि बाल्कनीच्या बंद दाराशी जाऊन बसली.

रेवती आता तिला नुसतं बाळा म्हणते. नर्सरीचा फॉर्म आणून ठेवलाय. बाकी सगळा भरून झालाय.

नावाची जागा अजून कोरी आहे.