ऊन चढायच्या आत

कपबशी खळ्ळकन फुटली, तेव्हा कुठं त्या घरात माणूस असल्याचं गोपिकेला कळलं.

दहा मिनिटं ती अंगणात उभी होती. पिपरी मेघेतल्या या घरी दर मंगळवारी ती वावरातला भाजीपाला आणायची. पण आज सुलोचनाबाईंचं "आली का पोरी?" नाही, रेडिओ नाही, काहीच नाही. लुनाला पाटी बांधलेली, मागं पाच वर्षांची भाची गुंजन.

मग दारात तो आला. सुलोचनाबाईंचा धाकटा, पीयूष. घरच्या भांड्यांच्या दुकानात बसायचा. सहा महिन्यांपासून कुणाला दिसलाच नव्हता. दाढी वाढलेली, हातात कपाचा नुसता कान.

"आई... मंदिरात गेली." वापर नसल्यासारखा आवाज.

"अन् तुमी कप फोडून राह्यले?"

तो दचकला. मग ओठाचा एक कोपरा जरासा हलला. "चहा करून पाहत होतो. लय दिवसांनी."

"झाला का मग?"

"चहा झाला. कप गेला."

गुंजन खिदळली. गोपिकेनं सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी जास्तीची ठेवली आणि का ठेवली हे घरी पोचेपर्यंत तिला कळलं नाही.

पुढं दर मंगळवारी तोच दारात यायला लागला. त्यानंच एकदा सांगून टाकलं... मन आजारी पडलंय, डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्यात, रोज सकाळी घराबाहेर पडायला सांगितलंय. "पण सकाळच जड जाते. पांघरूण काढाचं म्हणजे धोंडा उचलल्यावानी."

हिंमत धरा, असं म्हणायचं तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"आमच्या वावरात येजा. कोहळ्याले फळ धरून नाई राह्यलं. मधमाशा कमी झाल्या, हातानंच करा लागते."

"काय करा लागते?"

तिचे कान तापले. "आल्यावर दाखवीन. पण ऊन चढायच्या आत. फूल मिटलं की संपलं, ते कोणासाठी थांबत नाई."

चौथ्या दिवशी तो आला. सायकलवर, थंडीत कुडकुडत.

"स्वेटर उलटा हाय."

"पण मी आलो ना?"

"आले ना बावा!"

तिनं दाखवलं. नराचं फूल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि आतली पिवळी भुकटी मादीच्या फुलाला हळूच टेकवायची.

"मादीचं कसं ओळखाचं?"

"तिच्या बुडाशी इवलंसं कोहळं असते. आधीपासूनच."

"म्हणजे तिच्या मनात असते तर..." तो फुलाकडं पाहत म्हणाला, "आधीपासूनच?"

"कामं करा," ती म्हणाली. पण दवानं भिजलेली ओढणी तिनं उगाच दोनदा पिळली.

आठवड्यात ते इवलंसं कोहळं मुठीएवढं झालं. दोघं गुडघे टेकून पाहत राहिले. "हे... माह्या हातानं?" पीयूषनं विचारलं. देवळात बोलावं तसा आवाज. गोपिका जन्मभर कोहळी पाहत आली होती. त्या सकाळी मात्र तिलाही ते पहिलंच वाटलं.

महिनाभर तो चुकला नाही. मग एकदम यायचा बंद झाला. तीन दिवस वाट पाहून ती लुना घेऊन निघाली.

सुलोचनाबाईंचे डोळे सुजलेले. "शीळ घालत होता गं! म्हणलं आता कायले गोळ्या? सोयरीक आली, पाहुण्यांनी पुडी पाह्यली तर? ज्वारीच्या कोठीत लपवल्या मी. पंधरा दिवस झाले... तोही म्हणे, बरा हाय. आता उठतच नाई."

"काकू, बरं वाटलं म्हणून तुमी शुगरची गोळी सोडता का?"

सुलोचनाबाई कोठीकडं वळल्या. कोपरापर्यंत हात कोठीत घालून त्यांनी पुडी काढली.

"आजच डॉक्टरीणबाईंकडं नेऊ त्याइले," गोपिका म्हणाली. " पुन्हा कशा घ्यायच्या ते त्याच सांगतीन."

ती त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली. पांघरुणातून आवाज आला, "जा तू. मी असाच... पुन्हा पुन्हा होईन कदाचित."

"मी विचारलं का?"

ती उंबऱ्यावरून उठली नाही. मग, "तू काऊन आली, गोपिका?"

"तुमी नसले की..." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "वावर सारं परक्याचं वाटते मले. आता समजून घ्या ना, सारं मीच बोलू का?"

पांघरूण हललं. एक हात बाहेर आला आणि उंबऱ्याच्या दिशेनं तसाच थांबला. तिनं तो धरला. धोंडा उचलून आलेला हात होता तो.

पाहुणे आलेच नाहीत. सुलोचनाबाईंनीच निरोप धाडला, पोराचं जमलं म्हणून.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर दीड महिन्यानं, एका सकाळी वावरात गुंजननं पिवळ्या भुकटीच्या मिशा काढल्या आणि कमरेवर हात ठेवून बांधावर ठाणेदारासारखी उभी राहिली. आणि पीयूष हसला. ओठाच्या कोपऱ्यानं नव्हे; मान मागं टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. गोपिकेनं हे हसू कधी ऐकलंच नव्हतं. हातातलं फूल तसंच धरून ती उभी राहिली. श्वाससुद्धा जपून घेत.

गुंजननं तिची ओढणी ओढली.

"आत्या, काका उद्या पण असेच हसतीन?"