ओदीवरचा मोर

फाल्गुनातील त्या प्रातःकाळी जयपूरच्या जवाहर नगरामागील राखीव अरण्यात एकही मोर ओरडला नाही. वनक्षेत्रपाल शेषराव टेकडीपाशी पोहोचले, तेव्हा त्या शांततेचे कारण त्यांच्या पायाशीच पडले होते. मोर मेलेले, पिसारे नाहीसे. विखुरलेल्या ज्वारीला विषाचा उग्र दर्प येत होता.

ज्वारी गावातील वृद्ध पार्वतीची होती; रोज ती येथे येई. पाखरांना दाणे टाकल्यावाचून ती पाणीही पीत नसे.

“साहेब, अटक करा बुढीला,” वनरक्षक दशरथ म्हणाला. “मतलब, दाणे तिचेच ना!”

रेल्वेतील मराठी बापाबरोबर जयपुरात वाढलेला हा पोरगा मोराची हुबेहूब नक्कल करून चौकीला हसवी. त्याची मराठी अडखळे; तरी परमुलखात ती ऐकून शेषरावांचे अंतःकरण निवत असे.

पार्वतीला चौकीत बसविले. बाहेर गाव येऊन उभे राहिले. वणवा लागताच धावून येणारे हेच लोक. आज कोणी रामरामही केला नाही. म्हातारी तुरुंगात गेली, तर या अरण्याला राखणदार उरणार नाही, हे शेषरावांना कळून चुकले.

“माई, दाण्यांत काय मिसळलेत?”

“काही नाही, साहबजी. काल सांजेला दाणे टाकून मी घरी गेले, मग ओदीवरून मोर ओरडला.”

ओदी म्हणजे राजांच्या शिकारीचा ओसाड बुरूज.

“तिथे मोर कुठला?”

“शिकारीत मेलेला मोर ओरडतो. आम्ही तिकडे फिरकत नाही.”

काल सांजवेळी ओदीकडून आलेला तो आवाज शेषरावांनीही ऐकला होता. त्यांनी दृष्टी वळविली, ती भिंतीवरील मोरपिसांच्या पंख्यावर खिळली. दशरथाचीच भेट.

“दशरथ, ही पिसे कोठली?”

“जंगलात गळलेली, साहेब. परवाच वेचली.”

शेषरावांनी पंखा उतरविला. “पिसे पावसाळा सरताना गळतात. फाल्गुनात नव्हे! गळलेल्या पिसाचे टोक अखंड असते. ही सारी मुळाशी कापलेली आहेत, उपटल्याचे रक्त दिसू नये म्हणून. माई गेल्यावर तू पिसाऱ्यांसाठी दाण्यांवर विष शिंपडलेस. ओदीत बसून मोराची नक्कल केलीस आणि मोर बोलावलेस. त्याच आवाजाने गाव भिवविलेस.”

दशरथाचा चेहरा उतरला. “साहेब, आपण तर एका मुलखाचे...”

“तिथेच मी चुकलो. तुझी भाषा ऐकली, या गावाची ऐकलीच नाही.”

साऱ्या गावासमक्ष त्यांनी त्याची टोपी उतरविली आणि त्याला पोलिसांच्या स्वाधीन केले.

दुसऱ्या दिवशी पार्वती पुन्हा टेकडीपाशी आली. शेषरावांनी हात जोडले. तिने मूठभर ज्वारी पुढे केली.

“आधी तुम्ही खा, साहबजी.”

गाव पाहत होते. शेषरावांनी दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चावले. तेव्हा कुठे तिने उरलेली ज्वारी उधळली.

इतक्यात ओदीवरून मोर ओरडला.

दशरथ तर ठाण्यात होता. मान वर करून पाहण्याचे धैर्य कोणालाच झाले नाही.