ओठ मिटलेले, दात सुटे

"हे दात माझे नाहीत."

असं म्हणून तिने निळी डबी टेबलावर आदळली. दुपारची वेळ. दातांच्या लॅबमध्ये दोनच माणसं. कोपऱ्यात म्हातारे काका कुणाच्या तरी कवळीला गुलाबी हिरड्या चढवत होते, आणि समोर तो – केसांपासून बुटांपर्यंत प्लॅस्टरच्या धुळीने पांढरा, जणू आत्ताच पिठाच्या डब्यातून उपसून काढलेला.

त्याने डबी उघडली. आत नाइट गार्ड होता. झोपेत दात खाणाऱ्यांनी दातांवर चढवायचं पारदर्शक कवच. त्याने तो उजेडाकडे धरला, आणि धुळीखालूनही त्याचे कान लाल झालेले दिसले.

"खरंय," तो म्हणाला. "हे... हे माझे आहेत."

काकांनी मान वर न करता विचारलं, "काय रे, तुझे दात बाईंच्या तोंडात?"

झालं होतं ते असं. तोही झोपेत दात खायचा. डॉक्टरांनी पाठवलेल्या साच्यावरून त्याने तिचा गार्ड बनवला, त्याच दिवशी स्वतःचाही बनवला, दोन्ही एकाच फडक्यावर ठेवले, आणि डब्या भरताना काका विनोद सांगत होते.

"म्हणजे माझा तुमच्याकडे?" ती म्हणाली. "घातलात?"

तो नखातलं प्लॅस्टर कोरू लागला.

"एकदाच. चढेचना. मग नीट पाहिला आणि ओळखला – डावीकडची मागची दाढ. पार सपाट केलीय तुम्ही. सकाळपासून डॉक्टरांना फोन लावतोय. इतके साचे बघतो मी, पण एवढ्या रागाने दात खाणारं माणूस पाहिलं नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी पैलवान असणार."

खरं म्हणजे तिने चिडायला हवं होतं. तयारीही तीच करून आली होती. पण ती हसली, आणि हसताना जबडा कट्‌कन वाजला... किती दिवसांनी एवढा उघडला होता.

धुलाईच्या मशिनी विकणाऱ्या कंपनीत ती तक्रारींचे फोन घ्यायची. लोक मशिनीवरचा राग तिच्यावर काढायचे, बायकोवरचा काढायचे, नशिबावरचा काढायचे, आणि तिने म्हणायचं, "गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." बाईमाणसाने राग गिळावा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. गिळलेला राग जातो कुठे, हे त्यांतल्या एकानेही पाहिलेलं नसतं. तो दाढांत जाऊन बसतो.

घरी दादा तिला लाडाने 'गिरणी' म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी तिचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून म्हणेनासा झाला. दोन्ही घरची माणसं सहलीला गेली होती. बायका एका खोलीत झोपल्या. सकाळी होणाऱ्या सासूबाई चहा ढवळत म्हणाल्या, "आमच्या मुलाची झोप फार हलकी आहे हो." एवढंच. मुलगा समोर ब्रेडला लोणी लावत होता. लावतच राहिला. असला मेणाचा पुतळा वेळेवर टळला म्हणून खरं तर पेढे वाटायला हवे होते. पण तिच्या मनाने एकच धडा घेतला – आपल्या शेजारी कुणाला झोप लागणार नाही. कधीच.

नवा गार्ड घ्यायला ती पुढच्या शनिवारी आली. बाहेर भुरभुर पाऊस, आत अ‍ॅक्रिलिकचा उग्र वास.

"हा दात वाचवेल," तो म्हणाला. "पण तुम्ही दिवसासुद्धा जबडा आवळून बसता. आत्ताही बसलायत."

तिने झटकन गालाला हात लावला.

"ओठ मिटलेले, दात सुटे. जिभेचं टोक वर, 'न' म्हणताना असतं तिथे. म्हणून बघा."

"न..."

"बघा. 'नाही' म्हणायला दात आवळावे लागत नाहीत."

मग त्याने लाल ठिपक्यांचा एक कागद तिच्या हातात दिला. तातडीच्या कामाच्या डब्यांवर लॅबवाले ते चिकटवायचे. "जिथे जिथे नजर जाते तिथे लावा. ठिपका दिसला की दात सोडायचे."

"आणि तुम्ही दिसलात तर?"

तिच्या तोंडून निघून गेलं. काकांनी उगाच खोकून घेतलं.

तिने फोनवर ठिपका लावला, आरशावर लावला, फ्रिजवर लावला. वहिनी म्हणाली, "अगंबाई, फ्रिजला गोवर आलाय का?" महिनाभरात एका अर्वाच्य बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला तिने शांतपणे सांगितलं, "नाही, असं बोललात तर मी फोन ठेवीन." आणि ठेवला. साहेबांनी बोलावलं, कानउघाडणी केली. ती हातातल्या फोनवरच्या ठिपक्याकडे बघत उभी राहिली. दात सुटे.

दर शनिवारी गार्डचं काही ना काही टोचायचंच. टोचत नसलं तरी टोचायचं. तो घासून द्यायचा, ती खुर्चीत बसून त्याच्या बोटांकडे बघत राहायची.

अशाच एका शनिवारी तिला तिथेच डोळा लागला.

जाग आली ती काकांच्या आवाजाने. "यंत्र बंद केलंस ना? मग घासतंय कोण?"

ती ताडकन उठली. लॅब चिडीचूप होती. तिची झोप मोडू नये म्हणून त्याने घासायची मोटर बंद केली होती, आणि त्या शांततेत... लोणी, सुरी, चहाचा चमचा – सगळं पुन्हा समोर आलं.

"वाजले?" तिने विचारलं.

'नाही' म्हणणं त्याला सोपं होतं. भल्या माणसांना अशी खोटी गोड उत्तरं लगेच सुचतात.

"वाजले," तो म्हणाला.

तिने पर्स उचलली.

"थांबा ना... पुढचं तरी ऐका. तुम्ही चाळीस मिनिटं झोपलात, वाजले दोनदा. पहिल्यांदा दचकलो. दुसऱ्यांदा वाटलं, हिला कुणाचा तरी फार राग आलाय. उठली की विचारू, कुणाचा." तो थांबला. "कुणाचा?"

हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, दादाने नाही. ती उभ्यानेच बोलायला लागली. सासूबाई, हलकी झोप, लोणी, सगळं. रडली, मग शिव्या दिल्या, चांगल्या सणसणीत.

"त्याच्या कवळीची वेळ आली की माझ्याकडे धाडा," काका म्हणाले. "अशी बसवतो की लोणीसुद्धा चावता येणार नाही."

हसून हसून तिचे गाल दुखले. मग तिने डोळे पुसले आणि त्याच्याकडे सरळ बघत म्हटलं, "तू खरं बोललास. आभारी आहे."

"मीही वाजवतो," तो हळूच म्हणाला. "आई म्हणते, तुझ्यापेक्षा उंदीर बरे. तेव्हा माझ्या शेजारी... म्हणजे तुला चालणार असेल तर..."

तिने पर्समधून कागद काढला. एकच ठिपका उरला होता. तिने तो त्याच्या शर्टाच्या खिशावर चिकटवला आणि अंगठ्याने दाबून ठेवला.

"हे काय?"

"तातडीचं काम," ती म्हणाली.

काकांनी मोटर सुरू केली. घासायचं काहीच नव्हतं त्या वेळी. पण दोघांचं बोलणं झाकायला आवाज हवा होता.

आता दोन निळ्या डब्या एकाच फळीवर असतात. दात खाणं काही पुरतं गेलेलं नाही. एखाद्या रात्री ती वाजवते, एखाद्या रात्री तो, आणि दोघंही ढाराढूर झोपतात. झोपण्याआधी ती त्या डब्यांकडे बघते, काकांच्या त्या विनोदाचे मनोमन आभार मानते. तो विनोद कोणता होता, हे आज काकांनाही आठवत नाही.

आणि अजूनही अधूनमधून अदलाबदल होतेच. तोंडात अर्धवट अडकलेला गार्ड काढत ती म्हणते, "अरे, हे दात माझे नाहीत."

"मग कुणाचे?" तो अंथरुणातून विचारतो.

"आपले," ती म्हणते, आणि डबी बदलते.